नव्या शिक्षकांसाठी: वर्गात वापरायचे साहित्य ऑनलाइन शोधावे कसे आणि तपासावे कसे

पन्हाळा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक म्हणून मी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या मोबाइलची मेमरी भरली. केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या), तालुक्यातल्या आणि ओळखीच्या ज्येष्ठ शिक्षकांनी मोठ्या आपुलकीने कृतिपत्रिका, व्हिडिओ, तक्ते, टाचणाचे (रोजच्या पाठाच्या पूर्वतयारीच्या नोंदीचे) नमुने, परिपाठाच्या फाइल असे काय काय पाठवून दिले होते. माझ्याकडे चौथी-पाचवीचा जोडवर्ग होता, म्हणजे दोन्ही इयत्ता एकाच खोलीत. एका रात्री अपूर्णांकांसाठी काही चांगले मिळते का ते पाहायला बसले ती साडेअकराला उठले. अकरा व्हिडिओ उतरवून ठेवले होते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांतला एकही दाखवला नाही, कारण कोणता कशासाठी घेतला हे माझे मलाच सांगता आले नसते.

साहित्याचा तुटवडा आता राहिलेला नाही. समोरच्या ढिगातून आपल्या वर्गाला उद्या सकाळी लागेल तेवढेच वेचून घेणे आणि फळ्यापर्यंत नेण्याआधी ते नीट तपासणे, हेच काम अवघड आहे आणि नेमके तेच प्रशिक्षणात फारसे शिकवले जात नाही. पुढे दिलेला क्रम मी चुका करत करत बसवलेला आहे. तो प्राथमिक शाळेला धरून लिहिला असला, तरी माध्यमिकच्या शिक्षकांनाही उदाहरणे बदलून तो वापरता येईल.

१. हाताशी घ्यायचे कागद आणि सामान

शोधायला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी जवळ असाव्यात.

- चालू वर्षाचे छापील पाठ्यपुस्तक. मोबाइलमधली जुनी पीडीएफ पुरेशी नाही. कारण पाचव्या टप्प्यात येईल.
- आपल्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींची (मुलांना काय यायला हवे त्याची) यादी, वार्षिक नियोजन आणि घटक नियोजन.
- टाचण वही. तिच्या शेवटच्या दहा-बारा पानांवर साहित्याची नोंद ठेवायची आहे.
- शाळेचा ११ अंकी युडायस क्रमांक (शाळेची शासकीय ओळख) आणि मिळाला असल्यास स्वतःचा शालार्थ आयडी (शिक्षकाचा वेतन प्रणालीतील क्रमांक). शासकीय प्रशिक्षणांच्या नोंदणीत हे विचारले जाते आणि नेमके तेव्हाच मुख्याध्यापक बैठकीला गेलेले असतात.
- शाळेच्या कामापुरता वेगळा ई-मेल. घरचे फोटो आणि शाळेच्या फाइल एकाच खात्यात साठवल्या, तर वर्षभरात दोन्ही सापडेनासे होतात.
- दोन पेन ड्राइव्ह, एक एचडीएमआय केबल आणि एक लहान स्पीकर.

यांत स्पीकरला कमी लेखू नये. पत्र्याच्या छपराच्या वर्गखोलीत जुलैचा पाऊस सुरू झाला की टीव्हीचा स्वतःचा आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. शाळेत स्मार्ट टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल, तर तो कोणत्या प्रकारच्या फाइल उघडतो हे एखाद्या शनिवारी, मुले घरी गेल्यावर, पेन ड्राइव्ह लावून पाहून घ्यावे. आमच्या टीव्हीवर व्हिडिओ चालत, पण पीडीएफ उघडत नसे, आणि हे मला पन्नास डोळ्यांसमोर समजले.

२. अडचण एका वाक्यात लिहून काढा

‘अपूर्णांक’ हा शोधाचा विषय फार मोठा आहे. त्याऐवजी आपल्या मुलांचे पाऊल नेमके कुठे अडखळते ते वहीत एका पूर्ण वाक्यात लिहावे. माझे वाक्य असे होते: ‘पाचवीतील सात मुले एकतृतीयांशापेक्षा एकचतुर्थांश मोठा म्हणतात, कारण त्यांना तिनापेक्षा चार मोठा दिसतो.’ हे वाक्य लिहिल्याबरोबर उतरवून ठेवलेल्या अकरापैकी नऊ व्हिडिओ बाद झाले. त्यांत अंश म्हणजे काय, छेद म्हणजे काय, बेरीज कशी करायची हे सारे होते. छेद वाढला की तुकडा लहान का होतो, एवढेच कुठे नव्हते.

असे वाक्य सुचत नसेल, तर साहित्य शोधण्याची वेळ अजून आलेली नाही असे समजावे आणि मुलांच्या वह्या घेऊन बसावे. मुलाने चूक उत्तर कोणत्या वाटेने काढले हे वहीतल्या खाडाखोडीत बऱ्याचदा दिसते.

शोधताना शब्द पाठ्यपुस्तकातलेच घालावेत. देवनागरीत शोधले की हिंदी साहित्य मोठ्या प्रमाणावर समोर येते आणि घाईत ते मराठीच वाटते. ‘छेद’ऐवजी ‘हर’, ‘अपूर्णांक’ऐवजी ‘भिन्न’, ‘लसावि’च्या जागी ‘लघुत्तम समापवर्त्य’ असे शब्द दिसले की ते साहित्य हिंदी शाळांसाठीचे आहे, हे ओळखावे. ते वाईट असते असे मुळीच नाही, पण ते शब्द तसेच वर्गात आले तर मुलांचा गोंधळ आपणच विकत घेतलेला असतो. शोधात इयत्ता आणि विषय दोन्ही लिहावेत, आणि ‘इयत्ता पाचवी’ने काही मिळाले नाही तर ‘५ वी’ असेही लिहून पाहावे, कारण शिक्षक आपल्या फाइलींना दोन्ही प्रकारे नावे देतात.

३. शोधाची सुरुवात घरातून करा

सर्वांत जवळचा स्रोत मुलांच्या दप्तरातच आहे. पाठ्यपुस्तकात छापलेला क्यूआर कोड दीक्षा ॲपमधून स्कॅन केला की त्या पाठाचे साहित्य उघडते. हे राष्ट्रीय व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले आणि आपल्या राज्यातील साहित्यही त्यावर आहे. पुस्तकाला घातलेल्या प्लॅस्टिक कव्हरमुळे किंवा पान मळल्यामुळे कोड स्कॅन होत नसेल, तर कोडच्या खाली छापलेली सहा अक्षरे-अंक ॲपमध्ये टाइप केले तरी तेच पान उघडते. पुष्कळ नव्या शिक्षकांना हे माहीत नसते आणि ‘कोड चालत नाही’ म्हणून ते सोडून देतात. साहित्य उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही पाहता येते. गगनबावडा, शाहूवाडीच्या वाड्या-वस्त्यांवर शिकवणाऱ्यांना ही सोय फार उपयोगाची आहे; रेंज असते तिथे, म्हणजे बहुधा तालुक्याच्या एसटी स्टँडवर, सोमवारचे सगळे शनिवारीच उतरवून घ्यावे.

त्यानंतर बालभारती. १९६७ साली स्थापन झालेल्या या मंडळाची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. त्यांचा उपयोग केवळ आपल्या इयत्तेपुरता नाही. पाचवीच्या मुलाचे घोडे तिसरीच्या संकल्पनेवर अडले असेल, तर तिसरीच्या पुस्तकातला तो पाठ काढून त्यातली चित्रे दाखवणे हा मला सापडलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे. याच मंडळाचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंकही ऑनलाइन वाचायला मिळतात. अवांतर वाचनाच्या तासाला त्यांतली एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी, एवढेच सुचवते.

माहितीची खातरजमा करायची असेल, तेव्हा मराठी विश्वकोश उघडावा. वाईला सिद्ध झालेला हा कोश ऑनलाइन विनामूल्य आहे आणि मराठीत तपासून लिहिलेल्या नोंदींचा एवढा मोठा साठा दुसरीकडे सहसा सापडत नाही. एक पथ्य मात्र पाळावे. पहिला खंड १९७६ साली आला, तेव्हा लोकसंख्या, उत्पादन, तालुक्यांची संख्या असे आकडे त्या त्या खंडाच्या काळातले असतात. संकल्पना आणि इतिहास तिथून घ्यावा, चालू आकडे घेऊ नयेत.

विज्ञान आणि गणितासाठी ‘फेट’ (PhET) या संकेतस्थळावरची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारे प्रयोग, उत्तम आहेत. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातील अनेक सिम्युलेशन मराठीत भाषांतरित झालेली असून ती उतरवून इंटरनेटशिवाय चालवता येतात. त्यात विजेचे मंडल जोडता येते, अपूर्णांकाचे तुकडे सरकवता येतात. टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करायची असतील, तर पद्मश्री अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर ती करण्याच्या कृती आणि पुस्तके विनामूल्य आहेत, मराठीतही. वाचनासाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेचे ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. तिथे गोष्टी चार वाचनस्तरांत लावलेल्या असल्याने पाचवीत असूनही जोडाक्षरांपाशी थांबणाऱ्या मुलाला दुसऱ्या स्तराची गोष्ट, कोणाला न कळू देता, देता येते.

एवढे स्रोत एका वर्षाला पुरून उरतात. पहिल्या वर्षी यांपलीकडे भटकू नये असे माझे मत आहे.

४. माणसांना विचारा, पण नीट विचारा

वरच्या कोणत्याही ठिकाणी मिळत नाही अशी एक गोष्ट सहकारी शिक्षकांकडे असते: ‘हे मी केले आणि असे झाले’ हा अनुभव. तो मागण्याची एक रीत आहे.

मी प्रथम केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले होते, ‘अपूर्णांकावर कुणाकडे काही असेल तर पाठवा.’ दोन तासांत फाइलींचा पाऊस पडला आणि त्यांतल्या निम्म्या माझ्याकडे आधीच होत्या. महिनाभराने मी पुन्हा लिहिले. या वेळी इयत्ता लिहिली, अडचणीचे ते एक वाक्य लिहिले, भाकरीचे तुकडे करून दाखवले होते पण मुलांनी ‘भाकरीत कळतं, गणितात न्हाई’ असे म्हटल्याचे लिहिले, आणि एका वहीतल्या चुकलेल्या उदाहरणाचा फोटो मुलाचे नाव झाकून जोडला. फाइल एकही आली नाही. एका ज्येष्ठ मॅडमचा फोन आला.

‘अहो मॅडम, भाकरी गोल असते, तुकडे सारखे होत नाहीत. चोवीस सेंटिमीटरच्या कागदी पट्ट्या कापा.’

चोवीसच का, हे त्यांनी मला विचारायला लावले आणि मग सांगितले. चोवीसचे निम्मे बारा, तिसरा भाग आठ, चौथा सहा, सहावा चार, आठवा तीन. सगळ्या घड्या पूर्ण सेंटिमीटरवर पडतात आणि मुलाला पट्टीने मोजून खात्री करता येते. झेरॉक्सच्या नेहमीच्या ए-फोर कागदाची लांबी २९.७ सेंटिमीटर असते, म्हणजे एका बाजूने कापले की पट्टी तयार. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाने आपल्या पट्ट्या कापल्या, एकीचे दोन, एकीचे तीन, एकीचे चार सारखे भाग पडतील अशा घड्या घातल्या आणि त्या पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या. सातांपैकी एक मुलगी बराच वेळ तीन भागांच्या आणि चार भागांच्या पट्टीकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘बाई, वाटेकरी वाढलं की वाटणी कमी व्हणारच की.’ मी तो छेद पुढच्या संपूर्ण घटकात ‘वाटेकरी’ म्हणूनच शिकवला.

प्रश्न विचारताना म्हणून चार गोष्टी द्याव्यात: इयत्ता, नेमकी अडचण, आपण काय करून पाहिले, आणि मुलाच्या कामाचा एखादा नमुना. उत्तर मिळाले आणि वापरले, तर चार दिवसांनी काय झाले ते त्याच ठिकाणी कळवावे. बहुतेक जण हे करत नाहीत, आणि मग ज्येष्ठ शिक्षक उत्तरे देणेच सोडतात. रात्री दहानंतर प्रश्न टाकू नये, आणि ज्या गटावर कार्यालयाची पत्रे येतात तिथे तर टाकूच नये, कारण ‘माहिती तात्काळ सादर करावी’ अशा तीन संदेशांखाली आपला प्रश्न गाडला जातो.

गटांवर फिरणाऱ्या ‘शासन निर्णयां’विषयी एक इशारा येथेच देते. सुट्टी, वेतन किंवा परीक्षेसंबंधी एखादे पत्र आले, तर त्यावरचा सांकेतांक पाहून ते महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर सापडते का, हे तपासल्याशिवाय पालकांना काही सांगू नये.

५. छापण्यापूर्वी गाळणी लावा

हा टप्पा मी सर्वांत उशिरा शिकले, म्हणून यावर जरा रेंगाळते. नियम एकच आहे: कोणतीही कृतिपत्रिका मुलांना देण्यापूर्वी ती आपण स्वतः, पेन हातात घेऊन, मुलासारखी सोडवावी. वाचून पाहणे पुरत नाही.

परिसर अभ्यासासाठी मिळालेली एक देखणी, रंगीत कृतिपत्रिका मी अशीच न सोडवता झेरॉक्स करून आणली होती. ‘पंचगंगा नदी ज्या नद्यांच्या संगमातून तयार झाली त्यांची नावे लिहा’ असा प्रश्न होता आणि खाली पाच रेघा. ज्याचे आजोळ प्रयाग चिखलीला, म्हणजे या संगमाच्याच गावी, आहे असा एक मुलगा उभा राहिला.

‘बाई, चारच हायत्या की. पाचवी रेघ कशाला?’

मी उत्तरसूची काढली. पाचव्या रेघेवर ‘कृष्णा’ लिहिले होते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या दिसतात आणि पाचवी सरस्वती गुप्त आहे असे मानले जाते. कृष्णेला तर पंचगंगाच पुढे नृसिंहवाडीला जाऊन मिळते. ज्याने ही पत्रिका केली त्याने ‘पंच’ शब्दावरून पाच रेघा मारल्या आणि जवळची मोठी नदी पाचवी म्हणून घातली असावी. त्या मुलाने मला वाचवले, पण दर वेळी वर्गात प्रयाग चिखलीचा मुलगा असेलच असे नाही.

जून महिन्यात राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीची भाषणे अशीच फिरतात. एका भाषणात दत्तकविधानाचे वर्ष १८९४ आणि राज्यारोहणाचे १८८४ असे उलटे छापलेले होते. जन्म १८७४ चा, तेव्हा महाराज दहाव्या वर्षी कारभार पाहू लागले असा त्याचा अर्थ होतो. वर्षांची साधी वजाबाकी करून पाहिली असती तर चूक लगेच दिसली असती. माझी सवय आता अशी आहे की कोणत्याही मजकुरात दोन सनावळ्या असतील, तर त्यांच्यातले अंतर काढून ते माणसाच्या वयाशी जुळते का ते पाहायचे.

माहितीच्या चुकांखेरीज आणखी काही सापळे आहेत.

पाठ्यपुस्तकाची आवृत्ती. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पुस्तके वहीच्या पानांसह चार भागांत आली आणि पुढे ती योजना मागे घेण्यात आली. त्यामुळे ‘पान क्रमांक ४७ वरील स्वाध्याय’ असे लिहिलेली टाचणे आणि व्हिडिओ तुमच्या हातातल्या पुस्तकाशी जुळतीलच असे नाही. अभ्यासक्रमच बदलला असेल, तर पाठही गळालेला असू शकतो. तयार टाचण घेताना पाठाचे नाव छापील पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत आधी शोधावे.

संख्यावाचन. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी मांडणी आली आणि त्यावर राज्यभर चर्चा झाली. त्या काळात तयार झालेले तक्ते अजून फिरतात. त्या मांडणीच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण एका भिंतीवर ‘वीस एक’ आणि दुसऱ्या भिंतीवर ‘एकवीस’ असे लावायचे असेल, तर ते जाणूनबुजून आणि मुलांना समजावून लावावे.

अक्षरवळण. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. मराठीत आपण पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ शिकवतो. मोबाइल आणि संगणकातील बरेच फॉन्ट मात्र हिंदी वळणाची अक्षरे दाखवतात. मुलाने बालभारतीत एक ‘ल’ पाहायचा आणि कृतिपत्रिकेत दुसराच गिरवायचा, हा त्याच्यावर अन्याय आहे. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की वळण आपोआप बदलते. ते जमले नाही, तर अक्षरओळखीच्या पत्रिका सरळ हाताने लिहून झेरॉक्स कराव्यात. माझ्या अनुभवात मुलांना बाईंच्या अक्षरातली पत्रिका जास्त आपली वाटते.

जुने फॉन्ट. एखादी फाइल उघडल्यावर मराठीऐवजी चिन्हांचा किंवा इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसला, तर फाइल बिघडलेली नसून ती युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर वाचता न येणाऱ्या जुन्या पद्धतीने, टाइप केलेली असते. तो फॉन्ट शोधत बसण्यापेक्षा पाठवणाऱ्याकडे पीडीएफ मागावी. स्वतः टाइप करताना युनिकोडच वापरावा.

६. आपल्या गावाचे करून घ्या

मेट्रोचे तिकीट, मॉलमधली सवलत, लिफ्टचे मजले ही उदाहरणे शहरातल्या शिक्षकांनी आपल्या मुलांसाठी लिहिलेली असतात आणि तिथे ती योग्यच असतात. आपल्याकडे आकडे तेच ठेवून गोष्ट बदलावी. गुऱ्हाळावर काहिलीतल्या रसाचा किती गूळ झाला, उसाच्या ट्रॉलीचे भरलेले आणि रिकामे वजन वजा करून ऊस किती आला, दूध संस्थेत दोन्ही वेळचे मिळून किती लिटर भरले आणि फॅटप्रमाणे दर काय लागला, ही गणिते मुले घरी रोज ऐकतात. दूध संस्थेचे पासबुक हे मला मिळालेले दशांश अपूर्णांकांचे सर्वांत चांगले साहित्य आहे आणि ते ऑनलाइन कुठेही नाही.

व्हिडिओबाबत माझा दंडक असा आहे की एका तासाला एकच, तोही तीन-चार मिनिटांचा, आणि मध्ये किमान एकदा थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारायचे. जोडवर्गात पाचवीसाठी व्हिडिओ लावला की चौथीची सगळी मुलेही माना वळवून बघतात, हे ओळखून चौथीला त्या वेळी चित्राचे किंवा मापनाचे बाहेरचे काम द्यावे, किंवा सरळ सगळ्यांनाच बघू द्यावे.

कोणत्याही साहित्यासाठी वीज गेल्यास काय करायचे, हे टाचणात एका ओळीत लिहून ठेवावे. पावसाळ्यात या ओळीची गरज आठवड्यातून एकदा तरी पडते.

७. हक्क आणि परवानगी

शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने मजकुराची प्रत काढणे यासाठी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, आणि दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली तिचा व्यापक अर्थ मान्य केला. पण वर्गात वापरणे वेगळे आणि दुसऱ्याचे साहित्य स्वतःच्या नावाने चॅनेलवर चढवणे वेगळे. कृतिपत्रिकेच्या तळाशी असलेले मूळ शिक्षकाचे नाव कापून आपले घालण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो करू नये. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना (काही अटींवर इतरांना वापराची मुभा देणारा) असेल, तर त्याच्या अटी दोन मिनिटांत वाचून होतात: नाव द्यायचे का, बदल चालतात का, विक्री चालते का.

मुलांचे फोटो आणि व्हिडिओ यांबाबत अधिक जपावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित धरली आहे. वर्षारंभीच्या पालकसभेत लेखी संमतिपत्र भरून घ्यावे, ते मुख्याध्यापकांकडे फाइलला लावावे, आणि संमती असली तरी वहीच्या फोटोत नाव, हजेरी क्रमांक किंवा गुण दिसू देऊ नयेत. एखादे ॲप मुलांचे नाव, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक मागत असेल, तर मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय ते भरू नये.

८. साठवण आणि नोंद

फाइलचे नाव उघडल्याशिवाय समजेल असे द्यावे: इयत्ता, विषय, पाठ, अडचण. ‘५वी-गणित-अपूर्णांक-लहानमोठेपणा-पट्ट्या’ असे लांबलचक नाव चालते. ‘नवीन फाइल फायनल २’ चालत नाही. इयत्ता, मग विषय, मग पाठ असे फोल्डर करावेत आणि ‘नंतर बघू’ या नावाचे फोल्डर करू नये. माझे होते. त्यातली एकही फाइल मी नंतर बघितली नाही आणि शेवटी पूर्ण पुसून टाकले.

वर्गात वापरलेल्या प्रत्येक साहित्यापुढे टाचण वहीच्या मागच्या पानांवर तीन ओळी लिहाव्यात: कधी वापरले, कुठे अडले, पुढच्या वेळी काय बदलायचे. याला पाच मिनिटे लागतात आणि ती मधल्या सुट्टीतच काढावीत, कारण घरी गेल्यावर ते राहून जाते. वर्षअखेरीस ज्यांच्यापुढे तीन ओळी आहेत तेवढेच साहित्य ठेवावे.

दोन पेन ड्राइव्हचे कारण कोल्हापूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी जिथवर आले, तिथवर खालच्या फळीवरची दप्तरे आणि संगणक वाचले नाहीत. एक पेन ड्राइव्ह शाळेत, दुसरा घरी, आणि महत्त्वाचे तेवढे त्या वेगळ्या ई-मेलच्या ड्राइव्हमध्ये, अशी तीन ठिकाणी साठवण करावी. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिन्ही सारखे करून घ्यावेत.

९. पुढे देणे

आपण न वापरलेले काहीही पुढे पाठवू नये. हा एक नियम सर्वांनी पाळला, तर गटांवरचा ढीग आपोआप कमी होईल. वापरलेले साहित्य पाठवताना त्या तीन ओळीही सोबत जोडाव्यात. फाइल कोणालाही मिळते, पण ती पाचवीच्या जोडवर्गात कुठे अडली ही माहिती फक्त तुमच्याकडे असते. चूक सापडलेले साहित्य ज्यांच्याकडून आले त्यांना ती खासगीत, नम्रपणे कळवावी. पंचगंगेची पत्रिका मला ज्या सरांनी पाठवली होती, त्यांना मी फोन केला. ती त्यांनाही दुसऱ्याकडूनच आली होती, पण त्यांनी चार रेघांची दुरुस्त प्रत त्याच संध्याकाळी केंद्रात पाठवली.

बदलीचा आदेश आला की चार्ज देताना जडवस्तू नोंदवही, हजेरीपट, कपाटांच्या किल्ल्या यांची यादी करावीच लागते. त्याच यादीत एक ओळ वाढवावी: ‘पेन ड्राइव्ह, १ नग, इयत्ता चौथी-पाचवी, वर्गात वापरलेले साहित्य, नोंदींसह’, आणि नव्या शिक्षकांची सही घ्यावी. कागदी पट्ट्यांचा गठ्ठा रबर लावून सोबत ठेवला तर फारच चांगले. माझा कपाटाच्या वरच्या फळीवर आहे.